सांबातलं सात वर्षांचं भोक: सीव्हीई-2017-7494 चा प्रकरण अभ्यास

24 मे 2017 रोजी सांबा प्रकल्पाने एक सुरक्षा सूचना काढली. सांबा म्हणजे लिनक्सच्या यंत्रावरचे फोल्डर विंडोजच्या कॉम्प्युटरांना नेटवर्कवरून वापरू देणारा प्रोग्रॅम. असा उघडा केलेला फोल्डर म्हणजे 'शेअर', आणि सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीला दिलेला नोंदणी क्रमांक. ज्या शेअरमध्ये लिहायची परवानगी आहे, तिथे कुणी स्वतः बनवलेली लायब्ररी फाइल (दुसऱ्या प्रोग्रॅमने उचलून चालवायच्या कोडची फाइल) ठेवली, तर तो ती फाइल सर्व्हरकडूनच चालवून घेऊ शकतो, असं त्या सूचनेत म्हटलं होतं. 3.5.0 पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना हे लागू होतं. 3.5.0 आली होती मार्च 2010 मध्ये. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ हे भोक कुणालाही वाचता येईल अशा उघड्या कोडमध्ये होतं आणि जगभरच्या सर्व्हरांवर रोज चालत होतं.

त्याच दिवशी 4.6.4, 4.5.10 आणि 4.4.14 या दुरुस्त आवृत्त्या आल्या. दुरुस्तीचा गाभा एका अटीचा होता. तरीही हल्ले झाले, आणि घराऑफिसांत फाइली साठवणाऱ्या अनेक छोट्या डब्यांपर्यंत ती दुरुस्ती कधीच पोहोचली नाही. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: कोड दुरुस्त झाला त्या दिवसापासून ते तुमच्या टेबलाखालच्या डब्यापर्यंत मधे किती हात लागतात, आणि त्यातला कुठला हात गळतो.

त्या महिन्याचं वातावरण आधी आठवायला हवं. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यासाठीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, 14 मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ती त्रुटी विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली, एसएमबी या फाइल वाटपाच्या नियमसंचाच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतली होती. बाराच दिवसांनी लिनक्सच्या बाजूला त्याच एसएमबीमध्ये भोक निघालं, म्हणून लोकांनी त्याला 'सांबाक्राय' म्हणायला सुरुवात केली. या नावाने लक्ष वेधलं हे खरं, पण नुकसानही केलं असं माझं मत आहे. लोक वॉनाक्रायसारखा स्फोट होण्याची वाट बघत बसले, तसा तो झाला नाही, आणि मग विषयच बाजूला पडला.

सांबा कुठे कुठे असतो

सांबाची सुरुवात ऑस्ट्रेलियात, कॅनबेरामध्ये झाली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी तो लिहायला घेतला. युनिक्सच्या यंत्रावरचे फोल्डर पीसीवर ड्राइव्हसारखे दिसावेत ही गरज होती. 'एसएमबी' या अक्षरांभोवती स्वर बसवून 'सांबा' हे नाव झालं. आज लिनक्सवर विंडोजसाठी शेअर उघडायचा म्हटलं की बहुतेकांच्या हाती सांबाच येतो.

पण सांबा वापरणाऱ्या बहुतेकांना आपण सांबा वापरतो हे ठाऊकच नसतं. बाजारातून आणलेला दोन हार्डडिस्कचा नास, म्हणजे नेटवर्कला जोडून फाइली साठवायचा डबा, घ्या, किंवा मागे पेन ड्राइव्ह लावता येणारा वायफाय राउटर घ्या. आत लिनक्स असतो, आणि फाइल वाटपाचं काम बहुधा सांबा करतो. आपल्याकडे सीएच्या ऑफिसात टॅलीचा बॅकअप अशाच डब्यावर जातो. छापखान्यात गिऱ्हाईकांच्या डिझाइनच्या फाइली, छोट्या शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, दवाखान्यात एक्स-रेच्या प्रती अशाच डब्यावर पडलेल्या असतात. 'पब्लिक' नावाचा एक फोल्डर असतो, त्याला पासवर्ड नसतो आणि सगळ्यांना त्यात लिहिता येतं. सोयीसाठी केलेली ही मांडणी, आणि या त्रुटीला नेमकी तीच हवी होती.

भोक नेमकं कुठे होतं

एसएमबीमध्ये फाइलींच्या शेअरखेरीज आयपीसी$ नावाचा एक खास शेअर असतो. त्यात फाइली नसतात, 'नेम्ड पाइप' असतात. विंडोजच्या यंत्राला सर्व्हरला काही विचारायचं असेल, उदाहरणार्थ कुठकुठले शेअर आहेत, कोण वापरकर्ते आहेत, कुठला प्रिंटर आहे, तर ते ठरावीक नावाचा पाइप उघडतं आणि त्यातून बोलतं. शेअरची यादी हवी तर एक पाइप, वापरकर्त्यांची माहिती हवी तर दुसरा, छपाईला तिसरा.

क्लायंटने पाइपाचं नाव पाठवलं की सांबा आधी बघतो, हे नाव आपल्या ओळखीचं आहे का. नसेल तर त्या नावाची सेवा देणारं एखादं मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा जोडायचा कोडचा तुकडा, डिस्कवर आहे का ते शोधतो, आणि सापडलं तर लोड करतो. सगळ्या सेवा सर्व्हरच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये कोंबण्यापेक्षा लागेल तसं मॉड्यूल उचलावं, हा विचार चांगलाच होता.

आता दुसरी बाजू. मॉड्यूल शोधणारं फंक्शन वेगळं होतं आणि ते इतर ठिकाणीही वापरलं जात होतं. त्याला नुसतं नाव दिलं तर ते सांबाच्या ठरलेल्या डिरेक्टरीत त्या नावाची फाइल शोधायचं. पण नावाची सुरुवात तिरक्या रेषेने, म्हणजे '/' ने झाली, तर तो पूर्ण पत्ता आहे असं समजून थेट तिथली फाइल उचलायचं. सिस्टिम अ‍ॅडमिनला सेटिंगच्या फाइलमध्ये मॉड्यूलचा पूर्ण पत्ता देता यावा म्हणून ही सोय उपयोगी होती. सेटिंगची फाइल अ‍ॅडमिनच लिहितो, त्यामुळे तिथे धोका नव्हता.

दोन्ही फंक्शनं सुटी वाचली तर कुणालाही ठीकच वाटतील. घात त्यांच्या जोडात आहे. पहिलं फंक्शन परक्या माणसाने पाठवलेलं नाव दुसऱ्याला जसंच्या तसं देतं, आणि दुसरं समजतं की हे नाव घरच्या माणसाने दिलंय. पाइपाचं नाव म्हणून क्लायंटने एखाद्या फाइलचा पूर्ण पत्ता पाठवला, तर सांबा ती फाइल लोड करतो, आणि लोड करताना तिच्यातलं सुरुवातीचं फंक्शन चालवतो. ती फाइल हल्लेखोराने पाच मिनिटांपूर्वी 'पब्लिक'मध्ये टाकलेली असली, तरी सर्व्हरच्या लेखी ती मॉड्यूलच. आणि चालते ती रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने.

सात वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही, असं लोक विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. कोड तपासणारा बहुधा एक फंक्शन, एक फाइल, एक बदल बघतो. जो बदल तपासायला समोर येतो त्यात चूक दिसत नाही, कारण चूक दुसऱ्या फाइलमधल्या गृहीतकाशी जोडल्यावर तयार होते. उघडा कोड असला की हजार डोळे बघतात हे ऐकायला बरं आहे, पण ते डोळे जोडांवर क्वचितच थांबतात. अखेर 'स्टीलो' हे टोपणनाव घेतलेल्या एका संशोधकाने ही त्रुटी कळवली.

एका अटीची दुरुस्ती

पॅच लिहिला जर्मनीतल्या सेरनेट कंपनीचे आणि सांबा चमूचे फोल्कर लेंडेके यांनी. पाइपाच्या नावात '/' आढळलं तर पाइप उघडायला नकार द्यायचा आणि लॉगमध्ये नोंद करायची, एवढंच. प्रत्यक्ष कोड तीन-चार ओळींचा आहे. खऱ्या पाइपाच्या नावात '/' कधी असण्याचं कारणच नाही, त्यामुळे कुठलंही रोजचं काम बिघडत नाही.

हा पॅच मला आवडतो, कारण तो लहान आहे आणि योग्य जागी आहे. परकं नाव आत शिरतं त्या उंबरठ्यावरच तो अडवतो. घाईच्या दुरुस्तीत अनेकदा उलट होतं. मोठा बदल केला जातो, त्याने दुसरंच काही मोडतं, आणि मग लोक पॅच लावायलाच घाबरतात. मॉड्यूल शोधणाऱ्या फंक्शनमधलं मूळ गृहीतकही सांबा चमूने नंतर वेगळं काढलं: पूर्ण पत्त्यावरून लोड करण्यासाठी स्वतंत्र फंक्शन केलं आणि नेहमीच्या फंक्शनला तो अधिकारच ठेवला नाही. तातडीचं रक्त थांबवणं आणि नंतर जखम शिवणं ही दोन वेगळी कामं वेगवेगळ्या वेळी झाली, हे मला या प्रकरणातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

पॅच लगेच लावता येत नसेल त्यांच्यासाठी सूचनेत तोडगाही होता: सेटिंगच्या फाइलमध्ये ग्लोबल विभागात 'एनटी पाइप सपोर्ट = नो' अशी ओळ घालून सांबा पुन्हा सुरू करायचा. पाइपच बंद झाले की प्रश्न मिटतो. पण विंडोजच्या यंत्रांची काही नेहमीची कामंही त्याबरोबर बंद पडू शकतात, आणि सूचनेत तसं स्पष्ट लिहिलं होतं. सोमवारी सकाळी ऑफिसात शेअर दिसेनासे झाले की फोन कुणाला येतो हे प्रत्येक अ‍ॅडमिनला माहीत आहे. त्यामुळे हा तोडगा चार दिवसांपुरता ठीक, कायमचा नव्हे.

आणखी दोन गोष्टींनी काही जण आधीच वाचलेले होते. ज्यांच्या रेड हॅट लिनक्सवर एसई-लिनक्स (कुठल्या प्रोग्रॅमला काय करता येईल ते बांधून ठेवणारी व्यवस्था) चालू होतं, त्यांच्याकडे मूळ धोरणानुसारच सांबाला स्वतःच्या मॉड्यूल डिरेक्टरीबाहेरची फाइल लोड करता येत नव्हती. आणि ज्यांनी शेअरची डिस्क 'नोएक्झेक' पर्यायाने माउंट केली होती, त्यांच्याकडे तिथली फाइल कोड म्हणून चालतच नव्हती. काहीतरी अडतंय म्हणून एसई-लिनक्स बंद करून टाकायची सवय किती जणांना आहे, ते मी बघितलं आहे. या प्रकरणात ती सवय महाग पडली असती.

पॅचची धाव आणि हल्लेखोराची धाव

डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट या लिनक्सच्या वितरणांनी आपापली दुरुस्त पॅकेजं तत्परतेने दिली. त्यांनी नवी आवृत्ती दिली नाही, जुन्याच आवृत्तीत तेवढी दुरुस्ती घातली. डेबियन 8 मध्ये सांबाची आवृत्ती 4.2.14 होती. मूळ प्रकल्पाने 4.2 ही मालिका तोवर सोडून दिली होती, तरी डेबियनने त्यात पॅच बसवला. परिणाम असा की सर्व्हर पूर्ण सुरक्षित, पण सांबाला आवृत्ती विचारली तर उत्तर तेच जुनं, 4.2.14. त्रुटी शोधणाऱ्या ज्या स्कॅनर प्रोग्रॅमना फक्त आवृत्तीचा आकडा कळतो, ते अशा सर्व्हरवर लाल खूण मारतात. उलटही घडतं: सतत येणाऱ्या या खोट्या लाल खुणांना वैतागून लोक खरी लाल खूणही सोडून देतात. आवृत्तीचा आकडा बघून समाधान किंवा घबराट करून घेऊ नये. पॅकेजच्या बदलनोंदीत त्रुटीचा क्रमांक आहे का, ते बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

हल्लेखोरांना मात्र आकड्यांची गरज नव्हती. पॅच उघडा असतो, आणि '/' असलेलं पाइपाचं नाव नाकारा असं त्यात लिहिलेलं वाचलं की हल्ला कसा करायचा हेही कळतं. मेटास्प्लॉइट हे हल्ल्याच्या चाचण्यांचं साधन सुरू करणारे एच. डी. मूर यांनी तर हल्ल्याचा गाभा एका ओळीत मावतो हे दाखवून दिलं, आणि एक-दोन दिवसांतच त्याचं तयार मॉड्यूल आलं. एकच अडचण उरत होती: फाइल सर्व्हरच्या डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे तो पूर्ण पत्ता माहीत असायला हवा. पण सर्व्हरला शेअरची माहिती विचारली तर तो अनेकदा पत्ता स्वतःच सांगतो. आणि नाही सांगितला, तरी नेहमीच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

रॅपिड7 या कंपनीने त्याच आठवड्यात इंटरनेट चाळून पाहिलं. 445 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे फाइल शेअरिंगच्या नेटवर्कवरल्या दारावर, सदोष वाटणारे सांबाचे 1,04,000 हून अधिक सर्व्हर थेट इंटरनेटवर दिसत होते. त्यांतले जवळजवळ 90 टक्के, साधारण 92,500, अशा आवृत्त्यांवर होते ज्यांच्यासाठी थेट पॅच उपलब्धच नव्हता. आवृत्तीवरून केलेली ही मोजणी असल्यामुळे डेबियनसारखा घोळ यातही थोडाफार असणार. तरी फाइल शेअरिंगचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवलेली एक लाखाहून जास्त यंत्रं, हा आकडाच पुरेसा बोलका आहे. ते पोर्ट बाहेर दिसायचं काहीच कारण नसतं.

30 मे रोजी, म्हणजे सूचनेनंतर आठवड्याच्या आत, कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने लावलेल्या सापळ्यात पहिला हल्ला अडकला. पद्धत शिस्तीची होती. आधी शेअरमध्ये आठ अक्षरांची एक फुटकळ मजकूर फाइल लिहून बघायची. लिहिता आली तर ती पुसून टाकायची, आणि मग लायब्ररीच्या दोन फाइली चढवायच्या. त्यानंतर पत्त्याचा अंदाज बांधत राहायचं, डिस्कच्या मुळापासून सुरुवात करून सांबाच्या मार्गदर्शिकांमध्ये उदाहरणादाखल दिलेल्या जागांपर्यंत. मॅन्युअलमधलं उदाहरण जसंच्या तसं उतरवणाऱ्यांची यंत्रं याच अंदाजात सापडत. एक फाइल हल्लेखोराला दूरून यंत्राचा ताबा द्यायची, दुसरी त्यावर मोनेरो हे आभासी चलन खणायला लावायची. त्यांच्या खात्यात साधारण महिन्याभरात 98 मोनेरो जमले होते, तेव्हाच्या भावाने सुमारे 5,500 डॉलर.

रक्कम फार मोठी नाही, पण पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. वॉनाक्राय पडद्यावर लाल खिडकी उघडून पैसे मागायचा, त्यामुळे बळी पडलेल्याला लगेच कळायचं. हा हल्ला गप्प राहायचा. ऑफिसातल्या माणसाला एवढंच जाणवायचं की सर्व्हर हल्ली गरम होतो आणि फाइली हळू उघडतात. मग कुणीतरी सुचवायचं, रॅम वाढवा.

जुलैमध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने दुसरा प्रकार नोंदवला, शेलबाइंड नावाचा. त्याचा रोख थेट नास आणि तत्सम उपकरणांवर होता, आणि तो त्यांच्यात लागणाऱ्या वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी बनवलेला होता. शिरला की तो फायरवॉलचे नियम बदलायचा आणि 61422 क्रमांकाचं पोर्ट हल्लेखोरासाठी उघडायचा. लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं की पॅच पोहोचलेला नसेल तो कुठे: या डब्यांत.

डबा कोणाचा?

मोठ्या सर्व्हरांसाठी मूळ प्रकल्प, लिनक्स वितरण आणि अ‍ॅडमिन अशी तीन कड्यांची साखळी असते, आणि ती बऱ्यापैकी चालली. डब्यासाठी मात्र साखळी लांब होते. सांबाने पॅच द्यायचा, मग उपकरणाच्या कंपनीने तो आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवायचा, प्रत्येक मॉडेलवर तपासायचा, संकेतस्थळावर टाकायचा, आणि मग विकत घेणाऱ्याने कधीतरी डब्याच्या पानावर लॉगिन करून 'अपडेट' दाबायचं. सिनॉलॉजी, क्यूनॅप, नेटगिअर अशा कंपन्यांनी दुरुस्त्या दिल्या. पण ज्या मॉडेलची विक्री थांबून चार-पाच वर्षं झालीत, त्याला नवं फर्मवेअर मिळेलच असं नाही. डबा मात्र अजून चालतो, डिस्क फिरतात, दिवे लुकलुकतात, म्हणून कुणी तो काढत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट आहे. एएमसीवाला महिन्यातून एकदा येतो, कॉम्प्युटर पुसतो, अँटिव्हायरस रिन्यू झालाय का बघतो, विंडोजचं अपडेट लावतो. त्याच्या यादीत कॉम्प्युटर असतात. नास त्या यादीत नसतो, कारण त्याला कॉम्प्युटर कुणी मानतच नाही. ऑफिसच्या मालकाला वाटतं एएमसीवाला बघतो, आणि एएमसीवाल्याला वाटतं ती डिस्क आहे, त्यात बघायचं काय. डब्याचा पासवर्ड बसवून देणाऱ्या माणसाकडे होता, आणि तो आता दुसरीकडे नोकरीला गेलाय. यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. कुणाच्याच कामात ते लिहिलेलं नाही.

त्याच वर्षी, 27 जूनला, नॉटपेट्या हा व्हायरस आला. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचं कामकाज त्याने ठप्प केलं, आणि कंटेनर घेऊन आलेले ट्रक खोळंबले. तो हल्ला सांबाचा नव्हता. विंडोजमधलीच, मार्चमध्ये पॅच मिळालेली त्रुटी त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक होती. पण तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अनेक ऑफिसांत विंडोजचे पॅच वेळेवर लावायची धास्ती बसली. सांबाच्या वाट्याला ती धास्ती आली नाही, कारण त्याचा कंटेनर कुठेच अडला नव्हता.

जुना डबा पॅच करता येत नसेल तर काय, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझं उत्तर असं की पहिल्यांदा राउटरमध्ये बघा, 445 आणि 139 ही पोर्टं बाहेरून उघडी आहेत का. घरून फाइली बघता याव्यात म्हणून कुणीतरी कधीतरी ती उघडलेली असतात. ती बंद करा, घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद मार्ग, लावा. मग 'पब्लिक' फोल्डरचं पासवर्डशिवाय लिहिणं बंद करा. या त्रुटीला लिहिता येणारा शेअर लागतोच, त्यामुळे नुसत्या या बदलाने अनोळखी माणसाचा रस्ता बंद होतो. पासवर्ड असलेल्या माणसाचा होत नाही, आणि ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर त्याच्याकडे तो पासवर्ड आयता असतो, हे विसरू नये. म्हणून कंपनीने फर्मवेअर देणं थांबवलेला डबा मी बदलायलाच सांगतो. जुन्या डिस्क चांगल्या असतील तर नव्या डब्यात वापरता येतात. आधी बॅकअप घ्या, कारण नवा डबा डिस्क फॉरमॅट करायला सांगतो.

आणि कागदाचा एक तक्ता करा. नेटवर्कला जोडलेली प्रत्येक वस्तू, तिच्या फर्मवेअरची तारीख आणि ती बघणाऱ्या माणसाचं नाव. नास, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीन, सगळं. बघणाऱ्याच्या रकान्यात एकही जागा मोकळी राहता कामा नये.

मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या आपल्या यादीत नवी भर घातली. तिथल्या केंद्र सरकारच्या कार्यालयांना या यादीतल्या त्रुटी ठरलेल्या मुदतीत दुरुस्त कराव्याच लागतात. त्या भरीत सीव्हीई-2017-7494 होती. पॅच येऊन तेव्हा पाच वर्षं आणि दहा महिने झाले होते.